इंग्रजी म्हणींचं ॲप: कामाचं आहे पण डोळे झाकून विश्वास नको

इंग्रजी म्हणी आणि त्यांचे अर्थ देणारं एक फ्री ॲप सध्या वापरतेय, नाव मुद्दाम देत नाही कारण ही ॲप्स साधारण एकाच माळेचे मणी. सर्च फास्ट, ऑफलाइन चालतं, बास. जाहिराती मात्र दर दोन म्हणींनंतर, डोकं उठतं.

अर्थ सोपे दिलेत. 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' म्हणजे जरासं उसवलं तेव्हाच एक टाका घाला नाहीतर पुढे नऊ घालावे लागतील, हे उदाहरणासकट छान आहे. पण 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' (गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही) बघितली आणि वैतागले. अर्थ काय तर फिरत राहा, ताजेतवाने राहा! अहो जुना अर्थ बरोबर उलटा, एका जागी न टिकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही असा, आजकाल दोन्ही अर्थाने वापरतात हे खरं, मग दोन्ही द्या ना. 'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट' (नको तितकं कुतूहल अंगाशी येतं) आधी 'केअर किल्ड द कॅट' होती, केअर म्हणजे चिंता, याचा तर पत्ताच नाही. आणि कहर म्हणजे 'रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे' शेक्सपिअरच्या नावावर खपवलीय, जी जॉन हेवूड या इंग्रज लेखकाच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात आहे, तेव्हा शेक्सपिअर जन्मलाही नव्हता!

पोरांना पाठांतराला ठीक. निबंधात टाकायच्या आधी चांगली डिक्शनरी उघडा. तीन स्टार, ते पण सर्चसाठी.