कार्नोबा, सिंथेटिक की सिरॅमिक? गाडीच्या रंगासाठी मेण निवडताना

भाचीने नागपुरात नवी गाडी घेतली, गडद निळी. डिलिव्हरीच्या दिवशीच तिच्या हातात सिरॅमिक कोटिंगचं पत्रक ठेवलं गेलं आणि तिने तिथूनच मला फोन लावला. "मामा, तूच सांग. पंचवीस हजार घालू, की दुकानातून मेणाचा डबा आणू?"

मी तिला उलट दोन प्रश्न विचारले. गाडी दिवसभर उभी कुठे असणार? आणि ती धुणार कोण? डब्यावर काय लिहिलंय हे त्यानंतर बघायचं. रत्नागिरीत बारा वर्षं एकच गाडी सांभाळून माझी खात्री झाली आहे की मेणाची निवड या दोन उत्तरांवरच ठरते. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी रंगाबद्दल थोडं. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चकाकी त्याच्यात असते. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही त्याच्यातच असतात. मेण उन्हापासून फारसं वाचवत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, क्षाराचं पाणी, समुद्राची खारी हवा यांचा पहिला मार मात्र ते स्वतःवर घेतं. झिजायचं ते मेण झिजतं आणि खालचा क्लिअर कोट शाबूत राहतो.

पॉलिश आणि वॅक्स या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकच समजल्या जातात, आणि त्यात गाडीचं नुकसान होतं. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ओरखडे घालवण्यासाठी ते क्लिअर कोटचाच वरचा पापुद्रा काढतं. वॅक्स काहीच काढत नाही, वर एक थर देतं. माझ्या गाडीला एका वर्कशॉपमध्ये दर सर्व्हिसिंगला "रबिंग-पॉलिश" करून देत. गाडी चकचकीत होऊन परत यायची, मीही खूश असायचो. सहाव्या वर्षी बॉनेटच्या कडेला क्लिअर कोट पांढरट पडून सुटायला लागला. कडांवर थर मुळातच पातळ असतो, आणि मशीनही तिथेच जास्त घासतं. गेलेला क्लिअर कोट कुठल्याही मेणाने परत येत नाही. तेव्हा सर्व्हिसिंगच्या फॉर्मवर "पॉलिश" असेल तर आधी विचारा: नक्की काय लावणार आहात?

कार्नोबा आणि सिंथेटिक, समोरासमोर

कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या, पियावी-सेआरासारख्या कोरड्या राज्यांतल्या ताडाच्या कुळातल्या झाडाचं मेण. कडक उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड आपल्या पानांवर हा थर चढवतं. पानं कापून वाळवतात, झोडपून त्यांच्यावरची भुकटी काढतात आणि ती वितळवतात. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या दाण्यांवर जी चकाकी दिसते ती पुष्कळदा याच मेणाची. नैसर्गिक मेणांत हे सर्वांत कठीण. मधमाश्यांचं मेण 62-64 अंशांना वितळतं, कार्नोबा 82 ते 86 अंशांना.

यावरून वाटेल की नागपूरच्या उन्हालाही ते पुरून उरेल. अडचण अशी की शुद्ध कार्नोबा विटेसारखं कडक असतं, फडक्याने ते लावताच येत नाही. त्यामुळे डब्यातल्या लगद्यात तेलं, द्रावकं आणि मऊ मेणंही मिसळलेली असतात, आणि तयार थर शुद्ध मेणाएवढा टिकाऊ राहत नाही. मे महिन्याच्या दुपारी गडद गाडीचं बॉनेट सत्तर अंशांवर सहज जातं. सावलीतल्या गाडीवर जो थर दीड-दोन महिने टिकतो, तो तिथे काही आठवड्यांतच विरतो.

सिंथेटिक सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. ते क्लिअर कोटला जास्त घट्ट धरून बसतं, उष्णतेला कमी दाद देतं आणि साबणालाही पटकन सोडत नाही. नीट लावलं तर चार ते सहा महिने धरून चालायला हरकत नाही. आपल्याकडे याचा मोठा फायदा असा की एक हात पावसाच्या तोंडावर आणि एक नवरात्रात दिला की वर्षाचा बहुतेक काळ निघतो.

मग कार्नोबा घ्यायचं कशाला? दिसण्यासाठी. काळा, मरून, गडद निळा, बाटलीचा हिरवा अशा रंगांवर कार्नोबाची चमक ओली आणि खोल दिसते, रंगाच्या आत दिवा लावल्यासारखी. सीलंटची चमक काचेसारखी, जरा थंड. हा फरक मी स्वतःच्या गाडीवर अर्धं बॉनेट एकाने आणि अर्धं दुसऱ्याने करून पाहिला आहे आणि तो खरा आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर मात्र तो जवळजवळ दिसत नाही. आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्यांचीच गर्दी, त्यामुळे बहुतेकांनी कार्नोबासाठी जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

मेहनतीचं म्हणाल तर दोन्हींत मोठा फरक नाही. कार्नोबा पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसायचं, लगेच गाडी बाहेर काढली तरी चालते. सीलंटचं तसं नाही. बहुतेक सीलंटना लावल्यावर काही तास, कधी पूर्ण दिवस, पाणी लागू द्यायचं नसतं. म्हणजे जुलैच्या दोन सरींमध्ये उरकायचं हे काम नव्हे. शिवाय सीलंटखालचा रंग अगदी स्वच्छ लागतो. जुन्या मेणाच्या तेलकटपणावर तो धरत नाही. दोन्ही हवे असतील तर आधी सीलंट, तो बसल्यावर वरून कार्नोबा. उलटं करू नका.

पैशांचा फरक किरकोळच आहे. कार्नोबाचा दोनशे ग्रॅमचा बरा डबा साधारण पाचशे ते हजारात येतो, सीलंटची बाटली हजार-दीड हजाराच्या आसपास. छोट्या गाडीला दोन्ही दोनेक वर्षं सहज पुरतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत "कार्नोबा" लिहिलेलं असलं म्हणून आत तेच भरलेलं असतं असं नाही. थोडंसं कार्नोबा आणि बाकी सिलिकॉन, असे डबेही असतात. "क्लीनर वॅक्स" लिहिलं असेल तर त्यात घासणारे कण आहेत असं धरा. ते जुन्या, मळकटलेल्या रंगाला ठीक. नव्या गाडीला नको.

स्प्रे वॅक्स

यावर फार लिहिण्यासारखं नाही. धुऊन झाल्यावर ओल्या गाडीवर मारायचा आणि पुसायचा, दहा मिनिटांचं काम. टिकतो दोन-चार आठवडे. खालच्या सीलंटला अधूनमधून हात देण्यासाठी उत्तम. सगळी भिस्त त्याच्यावर ठेवायची असेल तर दर पंधरवड्याला मारण्याची सवय हवी, आणि ती फार थोड्यांना असते.

सिरॅमिक

आता पंचवीस हजारांचा प्रश्न. सिरॅमिक कोटिंग हे मेण नव्हे. सिलिकाच्या कुळातलं हे द्रव क्लिअर कोटवर कडक होऊन बसतं आणि ते काढायचं तर पॉलिश करूनच काढावं लागतं. चांगल्या हाताने लावलेलं दोन-तीन वर्षं टिकतं. साबणाने जात नाही, चिखल सहज निघतो, विष्ठेपासून मेणापेक्षा जास्त वेळ तग धरतं. हे सगळं खरं आहे.

पत्रकातल्या "9 एच" या शब्दाने मात्र भुलू नका. ही पेन्सिलींच्या कडकपणाची मोजणी आहे. 9 एचच्या पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, इतकाच तिचा अर्थ. धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि ती पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक असते. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की सिरॅमिकवरही कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठतात.

इथे माझा दुसरा प्रश्न येतो: गाडी धुणार कोण? सोसायटीत पहाटे येणारा माणूस एका बादलीत वीस गाड्या पुसतो. बादलीत कपड्यांची पावडर, आणि फडकं तेच, आधीच्या एकोणीस गाड्यांच्या मातीचं. त्याचा दोष नाही; त्याला तेवढेच पैसे आणि तेवढाच वेळ मिळतो. पण ती पावडर कार्नोबा दोन-तीन धुण्यांत घालवते आणि ते फडकं सिरॅमिकवर रोज ओरखडे पाडतं. मेणाचा थर दोनेकशे रुपयांत पुन्हा देता येतो. पंचवीस हजारांच्या कोटिंगवर ओरखडे आले तर पॉलिश करावं लागतं, म्हणजे कोटिंगही गेलं आणि क्लिअर कोटचा पापुद्राही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: गाडी स्वतः धुणार असाल, मायक्रोफायबरचं मऊ फडकं, दोन बादल्या (एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची) आणि गाडीचा शाम्पू वापरणार असाल, तरच सिरॅमिक घ्या. आणि वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. दरवर्षी त्यांच्याकडेच पैसे भरून देखभाल करून घेण्याची अट पुष्कळदा असते, आणि ओरखडे व पाण्याचे डाग बहुधा वॉरंटीत धरलेले नसतात.

पाण्याच्या डागांवर थोडं थांबतो, कारण बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत त्यांचाच त्रास सर्वांत मोठा. मेण किंवा कोटिंग असलेल्या गाडीवर पाण्याचे मोती होतात. पाहायला छान. पण उन्हात तेच मोती जागच्या जागी सुकले की प्रत्येकातला क्षार एका टिपक्यात गोळा होतो आणि पांढरी कडी उमटते. म्हणजे पाणी जितकं चांगलं मोत्यासारखं उभं राहतं तितका हा त्रास जास्त, आणि सिरॅमिकवर तो सर्वाधिक. उपाय एकच: सावलीत धुवा आणि लगेच कोरडी करा. ताजी कडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून पुसली तर निघते, त्यानंतर साध्या पाण्याने धुवायचं आणि तिथे मेणाचा हात पुन्हा द्यायचा. महिनाभर राहिलेली कडी क्लिअर कोटमध्ये उतरते.

कोणी काय घ्यावं

कोकणात, समुद्राजवळ, उघड्यावर गाडी असेल तर सीलंट, आणि तो मेच्या शेवटच्या आठवड्यात. आंबा-जांभळाखाली गाडी लावत असाल तर सीलंटच्या जोडीला स्प्रे वॅक्सची बाटली डिकीत ठेवा. जांभूळ खाल्लेल्या पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. बॉनेट तापलं की क्लिअर कोट प्रसरण पावतो, गार झालं की आकसतो, आणि वाळलेल्या विष्ठेखाली त्याची कायमची खोलगट खूण पडते. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मग उचला. खरवडू नका.

झाकलेलं पार्किंग, गडद रंगाची गाडी आणि रविवारची सकाळ मोकळी असेल तर कार्नोबा घ्या, मन लावून घ्या. दर सहा आठवड्यांनी लावण्यात जो आनंद आहे तो वेगळाच आहे आणि मी तो बारा वर्षं घेतला आहे.

मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच लावू नका, चकाकणारे डाग पडतात. अपघातानंतर नव्याने रंग मारला असेल तर रंगातली द्रावकं उडून जाईपर्यंत थांबा. किती दिवस, ते रंगाऱ्याला विचारा. महिना-दोन महिने हा अंदाज ठीक आहे.

लावताना घाई एवढीच नडते. मी पहिल्यांदा मेण लावलं ते एप्रिलच्या भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर. ते लावताक्षणी कडक झालं आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरं बसलं; ते काढायला जुन्या टूथब्रशने पुढचे दोन रविवार गेले. आता पहाटे, पत्रा हाताला गार लागतो तेव्हाच लावतो, आणि पट्ट्यांवर आधी चिकटपट्टी मारतो. लावण्याआधी हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून धुतलेल्या रंगावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर मेणाआधी क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवायला हवा, नाहीतर तुम्ही मळावरच मेण चढवताय.

भाचीची गाडी नागपुरात ऑफिसबाहेर दिवसभर उन्हात उभी राहते, आणि धुणारा सोसायटीचाच माणूस आहे. तिने पत्रक परत दिलं आणि सीलंटची बाटली, चार मायक्रोफायबर आणि शाम्पूची एक वेगळी बाटली घेतली. शाम्पू आणि दोन फडकी धुणाऱ्याच्या हवाली केली, महिन्याचे शंभर रुपये वाढवून. पहिला हात झाला आहे. दुसरा खंडेनवमीच्या चार दिवस आधी द्यायचा ठरलंय, म्हणजे पूजेची हळद आणि कुंकू मेणावर बसेल आणि संध्याकाळी पुसून निघेल.