चौदाचं स्टील की पंधराचं मॅग? नागपुरात छोट्या गाडीला टायर घेताना

टायर बदलायला दुकानासमोर गाडी लावली की जॅक लागायच्या आधीच प्रश्न येतो: "भाऊ, चौदाचेच टाकायचे काय? पंधराचे मॅग करून घ्या ना, गाडी उठून दिसते." चौदा-पंधरा म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि मॅग म्हणजे स्टीलऐवजी मिश्रधातूची, म्हणजे अलॉयची रिम. मग शेजारी उभा असलेला एखादा उत्साही पोट्टा सोळाचंही सुचवतो. दुकानदाराचं चूक नाही, त्याला रिमही विकायच्या असतात. पण गाडी तुम्ही चालवणार आहात, तीही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, आणि श्रावणातल्या पावसात, याच गावात.

उदाहरणाला मारुतीची स्विफ्ट घेऊ, कारण तिच्यात हा प्रश्न कंपनीनेच ठेवलेला आहे. खालच्या व्हेरिएंटला स्टीलच्या रिमवर १६५/८० आर१४ मिळतो, वरच्या झेडएक्सआयला अलॉयवर १८५/६५ आर१५. बाहेरून करून घेणारे बहुधा १९५/५५ आर१६ वर जातात. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा रबराची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि आर नंतरचा रिमचा व्यास.

| साइज | पूर्ण व्यास | रबराची उंची | एका टायरची भारक्षमता |
|---|---|---|---|
| १६५/८० आर१४ | ६२० मिमी | १३२ मिमी | ५१५ किलो |
| १८५/६५ आर१५ | ६२२ मिमी | १२० मिमी | ५६० किलो |
| १९५/५५ आर१६ | ६२१ मिमी | १०७ मिमी | ५४५ किलो |

भारक्षमता टायरच्या कडेवर लिहिलेल्या ८५, ८८, ८७ या अंकांवरून येते. तिन्ही टायर गाडी सहज पेलतात आणि तिघांचा पूर्ण व्यास जवळपास सारखाच आहे, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. खरी अदलाबदल तिसऱ्या रकान्यात आहे. रिम मोठी झाली की तेवढं रबर कमी झालं. चौदावरून सोळावर गेलात की खड्डा आणि रिम यांच्यामधली अडीच सेंटिमीटर गादी गेली.

आता नागपूरचे रस्ते आठवा. सिमेंटचे रस्ते भरपूर झाले आणि मोकळे मिळाले तर मस्तही आहेत. त्रास त्यांच्या कडांचा. सिमेंटचा थर संपतो, पुढे जुनं डांबर किंवा पेव्हर ब्लॉक सुरू होतो आणि मध्ये एक उभी धार राहते. रात्री समोरच्याचे अपर लाइट डोळ्यांवर, बाजूला ऑटो, आणि तुम्ही जरा डावीकडे घेता तोच चाक त्या धारेवरून उतरतं. त्या क्षणी टायर रिम आणि काँक्रीट यांच्यात चेपला जातो, कडेच्या आतले धागे तुटतात. लगेच काही दिसत नाही. नंतर कधीतरी पंक्चरवाला चाक फिरवता फिरवता थांबतो आणि लिंबाएवढा फुगा दाखवतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. उंच कडेचा चौदाचा टायर हा मार बऱ्यापैकी पचवतो, पंधराचा सांभाळून चालवलं तर निभतो. सोळाच्या टायरला मात्र प्रत्येक अनोळखी गल्लीत जपून जावं लागतं.

रिमचंही तसंच. स्टीलची रिम वाकते, आणि वाकलेली दिसते. रिम सरळ करणारा ती ठोकून देतो, स्वस्तात काम होतं. अलॉय थोडी वाकते, जास्त मार बसला तर तडकते, आणि तडा बहुतेक वेळा आतल्या बाजूच्या ओठावर असतो, बाहेरून अजिबात दिसत नाही. हवा रोज थोडी थोडी कमी होते, व्हॉल्व्ह बदलूनही फरक पडत नाही. मग कारागीर चाक आडवं टाकून साबणाचं पाणी फिरवतो आणि आतल्या कडेला बारीक बुडबुड्यांची रेघ उठते. तडकलेली अलॉय वेल्डिंग करून देणारे आहेत, पण हायवेवर जाणाऱ्या गाडीला मी ती लावणार नाही.

अलॉय हलकी असते म्हणून मायलेज वाढतं, हेही सरसकट खरं नाही. चौदाची स्टील रिम आणि बाजारातली सोळाची स्वस्त अलॉय दोन्ही हातांत उचलून बघा, वजन कुठलीचं जास्त ते खांदाच सांगेल. वर रुंद टायर आला की स्टिअरिंग थोडं जड होतं आणि मायलेज घटतं, वाढत नाही. कंपनीची पंधराची अलॉय मात्र वेगळी गोष्ट आहे. ती त्या गाडीच्या सस्पेन्शनचा हिशोब करून दिलेली असते, वळणावर गाडी नेमकी वळते आणि ब्रेक मारल्यावर जास्त रबर जमिनीला टेकलेलं असतं. हा फायदा खरा आहे. दिसायलाही ती चांगली, ते नाकारण्यात अर्थ नाही. रिंग रोडच्या दुभाजकापाशी पडलेले स्टील रिमचे व्हील कव्हर पाहून कुणालाही अलॉयची आठवण येते. केबल टायने बांधा, ते टिकतात.

पावसात रुंदीचा उलटा परिणाम होतो, हे फार जण लक्षात घेत नाहीत. नक्षी (रबरावरच्या खाचा) आणि हवा सारखी असेल तर रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाणी कापत जातो. पावसाळ्यात साइजपेक्षा नक्षीची खोली महत्त्वाची. खाचेत आडव्या पट्ट्या असतात, त्या १.६ मिमीवर असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. माझ्या मते त्याच्या बरंच आधी, अडीच-तीन मिमी उरलेलं असतानाच, पावसाळ्याआधी टायर बदलायचा विचार करायला हवा.

उन्हाळ्याबद्दल एक पक्का गैरसमज आपल्याकडे आहे: ऊन वाढलं की हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर फुटत नाही. नेमकं उलट होतं. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्याने आतून तापते, आणि तापलेलं रबर धाग्यांपासून सुटतं. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसात रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. त्यात समृद्धी महामार्ग. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा सरळ काँक्रीट रस्ता, कारला ताशी १२० ची मर्यादा, ना सिग्नल ना गाव. गावात टायरला वळणावर, चौकात उसंत मिळते, इथे तासन् तास मिळत नाही. टायर फुटून अपघात झाले तेव्हा आरटीओला या रस्त्यावर टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली, ती उगाच नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाळा, हवा सकाळी टायर थंड असताना भरा, आणि ढाब्यावर थांबलात तेव्हा वाढलेली दिसली म्हणून सोडू नका. ती वाढणारच.

थंडीचा मुद्दाही इथेच येतो. परदेशातले नातेवाईक हिवाळ्याच्या वेगळ्या टायरांबद्दल सांगतात, कॅनडातल्या क्युबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच लागतात. ते मऊ रबराचे असतात, साधारण ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं तेव्हा ते पकड ठेवतात. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता खरा, पण तो पहाटेचा. दुपारी स्वेटर काढावाच लागतो. आपल्या रस्त्यावर ते टायर पहिल्याच मार्चमध्ये झिजायला लागतील. नागपूरची थंडी टायर बदलायला लावत नाही, हवा तपासायला लावते. मेच्या दुपारी ४५ अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटे नुसत्या तापमानानेच २८ च्या आसपास येते, झिरपली ती वेगळी. नायट्रोजन भरला तरी हा नियम चुकत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि ४४ नंबरचा हायवे धरून थेट काश्मीरला बर्फात जाणारे असाल तर तिथे चाकाला बांधायच्या साखळ्या घ्या, त्यासाठी वर्षभराचे टायर बदलू नका.

साइज ठरला की रबर. टिकाऊपणासाठी बनवलेले टायर, उदाहरणार्थ सिएटचा मायलेझ किंवा अपोलोचा अमेझर ४जी लाइफ, रोज बुटीबोरी किंवा हिंगण्याला कामाला जाणाऱ्याला परवडतात. मिशेलिन, योकोहामा घेणारे बहुधा शांतपणा आणि ओल्या रस्त्यावरची पकड यासाठी पैसे मोजतात. सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा आवाज डांबरापेक्षा जास्त येतो, त्यामुळे हा फरक इथे जाणवतो. पण ज्यांची गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालते, त्यांनी टिकाऊ टायर घेऊन काय करायचं? नक्षी शाबूत राहील आणि रबर उन्हाने वाळून जाईल. अशा गाड्या कॉलन्यांमध्ये पुष्कळ आहेत: काकांची वॅगन आर, दारात उभी, टायर नवेकोरे दिसतात, पण कडेवर अंगठा दाबला की बारीक भेगा उघडतात. आपल्या उन्हात पाच वर्षांनंतर मी टायरकडे संशयानेच बघतो, नक्षी कितीही असो. अशांनी पकडीचा टायर घ्यावा.

माझा कौल असा. गाडी चौदाच्या स्टीलवर आली असेल तर चौदावरच राहा, आणि वाचलेल्या पैशात त्याच साइजचा वरच्या दर्जाचा टायर घ्या. शिवाय स्टेपनीही त्याच मापाची असते, म्हणून पाचही चाकं आळीपाळीने फिरवता येतात. पंधराच्या अलॉयवर आलेल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान, स्टीलचीच असते. ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जायला, तेही बेताच्या वेगाने. पंधराच्या अलॉयवर गाडी आली असेल तर खाली उतरायचं कारण नाही. चौदावरून पंधरावर जायची हौसच असेल तर कंपनीचीच रिम शोधा, तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटची, आणि विमा कंपनीला कळवा. बाहेरची घेतली तर नटांमधलं अंतर, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) आणि मधल्या भोकाचा व्यास, तिन्ही जुळायला हवेत, आणि रिमवर आयएसआय चिन्ह हवं. सोळा? ज्याचा रोजचा रस्ता गुळगुळीत आहे आणि खिसा मोकळा आहे त्याने करावं, मी करणार नाही.

दुकानात भाव विचारताना लक्षात असू द्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. टायरच्या कडेवरचे चार आकडे स्वतः वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. वर्षभर दुकानात पडलेला टायर बाद नसतो, पण मग भाव तरी उतरला पाहिजे. "काहून इतका जुना?" असं नुसतं विचारलं तरी आतून दुसरा येतो. दोनच घेत असाल तर नवे मागे लावायला सांगा. गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते म्हणून दुकानदार पुढे लावायला बघतो, पण पावसात मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सगळ्यांना जमत नाही. व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हे बिलात आहे की वेगळं, ते आधीच ठरवा. आणि शंभरेक किलोमीटर झाले की नट परत एकदा आवळून घ्या, अलॉय असेल तर नक्कीच.