पीटीओवरचा चिपर-श्रेडर: आठ महिने, 160 तास

हे फांद्या-पाला बारीक करणारं मशीन, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर (पीटीओवर) चालणारं. मशीन 540 आरपीएमचं, ट्रॅक्टर 45 एचपीचा, शेत करवीर तालुक्यात. काम बांधावरची सुबाभूळ-शेवरी, नारळाच्या झावळ्या आणि थोडंफार उसाचं पाचट. चार इंची लाकूड घेतं असं विकताना सांगतात. हिरवी तीन इंची फांदी खरंच सरळ खातं. वाळलेली बाभूळ दोन इंचावर गेली की इंजिन दबतं.

पाचटासाठी घेणार असाल तर थांबा. सरीतलं पाचट गोळा करून मशीनपर्यंत आणायची मजुरीच परवडत नाही. त्याला शेतात फिरणारं कुट्टी यंत्रच बरं. शिवाय पाचटासोबत माती येते आणि पात्यांची धार आठ-दहा तासांतच जाते. नुसत्या फांद्यांना तीच धार वीस तास पुरते.

धार गेल्याची खूण साधी आहे. फांदी आत ओढली न जाता थरथरते आणि तुकड्यांऐवजी काथ्यासारखा चोथा पडतो. पाती फक्त उताराच्या बाजूने, मूळच्या कोनातच घासायची, मधेमधे पाण्यात बुडवत. कड निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार दोन तासही टिकत नाही. समोरासमोरची पाती घरातल्या डिजिटल काट्यावर तोलून बघा. वजनात फरक राहिला तर मशीन हादरतं आणि बेअरिंग जातं.

पाती बसवल्यावर खालच्या स्थिर पट्टीपासूनचं अंतर बघायलाच हवं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर हॅक्सॉची दोन पाती एकावर एक धरून बिनदाताच्या कडेने फटीत सरकवा. ती जेमतेम गेली पाहिजेत, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. रोटर (पाती बसवलेला फिरता भाग) हाताने फिरवून प्रत्येक पात्यावर हे करा. एकच पातं तपासून बोल्ट आवळणारे नंतर ठिणग्या बघतात.

झावळ्यांचा त्रास वेगळा. लांब धागा रोटरच्या टोकाला गुंडाळतो, बेअरिंगचं सील कापतो आणि ग्रीस बाहेर येतं. त्यामुळे रोज संध्याकाळी तिथला गुंडाळा कोयत्याने काढावा लागतो. पावसाळ्यात ओला पाला चाळणीत चिकटून बसतो. तेव्हा चाळण काढून चालवा किंवा मधेमधे कोरडी फांदी घाला.

ट्रॅक्टरला मशीन जोडणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) दर आठ तासांनी ग्रीस. नवा पट्टा पहिल्या दहा तासांत हमखास ढिला होतो. जास्त ताण आला की आधी तुटावा म्हणून दिलेला सेफ्टी बोल्ट तुटतो म्हणून जाड हाय-टेन्साइल बोल्ट घालायची खोड इकडे फार. मग बोल्टाऐवजी क्रॉस नाहीतर गिअरबॉक्स तुटतो.

पीटीओ बंद केल्यावरही रोटर मिनिटभर फिरत राहतो. अडकलेलं काढायच्या आधी इंजिन बंद, किल्ली खिशात. गळ्यात टॉवेल, सैल बाही, लोंबणारा पदर असलेल्या कुणालाही तोंडाशी उभं करू नका.

सुट्या भागांचं म्हणाल तर बेअरिंग आणि पट्टे नंबर दाखवला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतात. पाती मात्र विक्रेत्याकडून यायला तीन आठवडे लागले. लेथवाल्याकडून गाडीच्या कमानपाट्याची करून घेतलेली पाती स्वस्त पडली, पण त्यातलं एक बाभळीच्या गाठीवर चिरलं. मूळ पात्यांचा एक जादा संच मशीनसोबतच घेऊन ठेवा.