नऊ महिने आईच्या काळ्या मशीनवर: बॉबिन नीट भरली की निम्मं भांडण मिटतं

गेल्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी अमळनेरला गेले आणि येताना आईची शिलाईची पायमशीन टेम्पोत घालून जळगावला आणली. काळी, ओतीव लोखंडाची. सोनेरी वेलबुट्टी आणि नाव घासून गेलंय, पण रचना सिंगरच्या 15 क्लासची. म्हणजे बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, म्हणजे बॉबिन, ठेवायची डबी) डाव्या अंगाला उभी बसते आणि दोन्ही दोरे गुंफणारं शटल पूर्ण गोल न फिरता मागेपुढे डुलतं. या रचनेच्या मशीन जपानमध्ये बनल्या, आपल्याकडेही बनल्या, त्यामुळे सुया (15×1) आणि सुटे भाग आजही मिळतात. तेव्हापासून ब्लाउज, पिशव्या, अभ्रे आणि दोन गोधड्यांच्या कडा हिच्यावरच शिवल्या.

पहिले दोन महिने मात्र फार त्रासाचे गेले. टीप चार बोटं सरळ जायची, मग खाली दोऱ्याचा गुंता. मी वरचा ताण घट्ट कर, ढिला कर, केसचा स्क्रू फिरव, असं सगळं केलं. दुरुस्तीवाल्याने पैसे घेतले आणि तेल घालून गेला. शेवटी आई श्रावणात कानबाईच्या सणासाठी आली. तिने मशीनला हात न लावता आधी बॉबिन काढली, अंगठ्याने दाबली आणि म्हणाली, ही तर भुसभुशीत भरलीय. भरलेल्या बॉबिनवर अंगठा रुतला तर ती टीप कधीच एकसारखी देणार नाही, हे तिचं माप. मी तेव्हापासून तेच वापरते.

भुसभुशीत का भरत होती? बॉबिन भरायच्या दांड्यावर रबराची कडी असते, ती मोठ्या चाकाला घासून फिरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. वर्षानुवर्षं असे उन्हाळे काढलेली ती कडी दगडासारखी कडक आणि गुळगुळीत झाली होती. चाक फिरायचं, बॉबिन मधेच घसरायची. चहाच्या पैशांत नवी कडी आली आणि फरक त्याच दिवशी दिसला. जुनी मशीन घेताना लोक रंग आणि टेबल बघतात. मी म्हणेन, आधी ही कडी नखाने दाबून बघा.

दुसरी चूक माझीच होती. रिळातून दोरा थेट बॉबिनवर नेत होते. तो आधी पाटाच्या उजव्या टोकाशी असलेल्या छोट्या चकत्यांमधून गेला पाहिजे, तिथेच त्याला भरण्यापुरता ताण मिळतो. बॉबिन एका बाजूला फुगून भोवऱ्यासारखी होत असेल तर त्या चकत्यांची उंची सरकवायची, की दोरा दोन्ही कडांमध्ये सारखा पसरतो. सुरुवातीला दोऱ्याचं टोक बॉबिनच्या भोकातून बाहेर काढून धरायचं, दहा-बारा वेढे झाले की बुडाशी कापायचं. चाकाच्या मधला स्क्रू सैल करायला विसरू नका, नाहीतर सुई रिकामीच वरखाली नाचत राहते. आणि जुन्या रंगाच्या उरलेल्या दोऱ्यावर नवा रंग भरू नका. मोह होतो, पण खालचा थर मधेच निसटतो.

वेगाबद्दल आईचं वाक्य माझ्या कानात बसलंय: “दोराले ओढू नको व माय, जाऊ दे त्याले.” हे पॉलिस्टर दोऱ्याला तर फारच लागू आहे. पायडल जोरात मारून भरला की तो ताणून बसतो, टिपेत गेल्यावर आखडतो आणि शिवण चुण्या धरते. मला वाटत होतं कापडच वाईट आहे. आता संथ भरते, तेच कापड सपाट बसतं.

बॉबिन विकत आणताना जुनी सोबत न्या. दुकानात मला 66 क्लासची दिली होती. आकार जवळजवळ तोच, पण तिच्या बाजू किंचित फुगीर असतात, 15 च्या सपाट. केसमध्ये ती अडकत अडकत फिरायची आणि मी आठवडाभर स्क्रू पिळत बसले.

खालचा ताण आता असा बघते: भरलेली केस दोऱ्याला लटकवायची. स्वतःच्या वजनाने घसरत खाली आली तर ढिली, हलका झटका देऊन जराशी उतरली तर बरोबर. स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवायचा नाही. तो इवलासा असतो, हातातून सुटला की गेला, म्हणून खाली ताट ठेवते.

खाली गुंता झाला तरी बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा निघतो. दोरा ओवताना कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर हवी, तरच तो ताणाच्या चकत्यांत खोल बसतो. सुरुवातीचे दोन-तीन टाके घालताना दोन्ही टोकं मागे बोटात धरायची. दोऱ्याचा मोठा कोन मशीनच्या खुंटीवर बसत नाही, म्हणून तो मागे स्टीलच्या पेल्यात ठेवते आणि दोरा भिंतीवरच्या हुकातून खाली घेते. आईच्या डब्यात लाकडी रिळांचा सुती दोराही सापडला. हाताने ओढला तर तटकन तुटला. तो आता फक्त कच्च्या टाक्यांना.

आत्याबाईंकडे लांबट शटलची हातमशीन आहे, तिथे बॉबिन काडीसारखी. भरताना बदामाच्या आकाराचं एक चाक दोऱ्याला आपोआप या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बघतच राहिले, इतकी सुबक भरते ती.

उणिवाही आहेत. झिगझॅग नाही, ताणणाऱ्या कापडावर हिचं मन रमत नाही. चामडी पट्टा एकदा ढिला पडला, तुकडा कापून जोडावा लागला. बॉबिन भरली की आपोआप सुटणारा खटका अजून काम करत नाही. कडेपासून थोडं आत दोरा आला की मी हातानेच थांबवते, जास्त भरली तर केसमध्ये फिरत नाही. त्याची स्प्रिंग इथल्या फुले मार्केटमध्ये दोनदा विचारली, मिळाली नाही. पुढच्या खेपेला जुना खटकाच काढून सोबत नेणार आहे.