तीर्थन खोऱ्यातला फिशिंग लॉज आणि गेलेले ७२ हजार

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट धरायला जायचं म्हणून आम्ही ज्या लॉजला ७२ हजार रुपये भरले, तो लॉज अस्तित्वातच नाही. पैसे तीन हप्त्यांत गेले. त्यातले थोडे सध्या बँकेत गोठवलेले आहेत, बाकीचे गेले ते गेलेच. गळ टाकणाऱ्या माणसाला नेमकं काय हवं असतं हे पुरतं ओळखून हा सापळा लावलेला होता. तुमच्यापैकी कुणी असा बेत आखत असेल तर निदान तुमचे पैसे वाचावेत म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

माझा मामा पवई तलावावर वर्षानुवर्षं रविवारी गळ टाकून बसतो. रोहू, कटला, नशीब असेल तर महसीर. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांनी महसीरची पैदास कशी केली हे तो कुणालाही तासभर सांगू शकतो. पण ट्राउट त्याने कधी धरला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्याने फ्लाय फिशिंग शिकायला घेतलं. यात गांडूळ नाही की पिठाची गोळी नाही. बारीक आकड्यावर दोरा आणि पिसं गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखी फ्लाय बनवायची आणि जाड, वजनदार दोरीच्या झोकावर ती लांब फेकायची. कोंबडीवाल्याकडून कोंबड्याच्या मानेची पिसं आणून, धुऊन, वर्तमानपत्रावर वाळवून मामाने डबे भरून ठेवले होते. मामी आधी कुरकुरली, मग तिनेच त्याला शिवणाच्या पेटीतली रंगीत रिळं काढून दिली.

ट्राउटला थंड, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. तो मूळचा आपल्याकडचा नाही. इंग्रजांनी तो आधी काश्मीरमध्ये आणला, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलूच्या नद्यांमध्ये सोडला. त्यामुळे मामा, मामी, मी आणि माझी बायको असे चौघं दिवाळीनंतर तीर्थनला जायचं ठरलं. काठावर बसून राहणं मामीला आणि बायकोलाही आवडणार होतं.

लॉजची जाहिरात फोनवर दिसली. गुशैनी गावाच्या वर, रस्ता संपतो त्याच्याही पुढे. चारच खोल्या. नदी ओलांडायला तारेवरून ओढायचा पाळणा. मोबाईलला रेंज नाही, संध्याकाळी सौरदिवे, जेवण चुलीवरचं. त्या खोऱ्यात असे पाळणे खरोखर आहेत, रेंज खरोखर जाते, रस्ता खरोखर संपतो. म्हणजे वर्णनातला एकेक तुकडा सच्चा होता, फक्त ते सगळं मिळून जे घर उभं राहत होतं ते खोटं होतं.

या प्रकारात सगळ्यात घातक गोष्ट मला हीच वाटते. शहरातल्या हॉटेलला फोन लागत नाही म्हटलं की आपण लगेच सावध होतो. दुर्गम लॉजला फोन लागत नाही म्हटलं की उलट बरं वाटतं, कारण आपण त्यासाठीच तर तिकडे निघालेलो असतो. लोकांचे अभिप्राय का नाहीत? तर आम्ही गर्दी होऊ देत नाही. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा. तर वर इंटरनेट पोचत नाही. कार्डाने पैसे घ्या. तर मशीन चालत नाही. बोलणारा माणूस चंदीगडला का? तर बुकिंगचं ऑफिस तिथे आहे. एकाही उत्तरात वावगं काही नव्हतं, कारण खऱ्या लॉजवाल्यांचीही हीच उत्तरं असतात.

बोलणारा माणूस मऊ हिंदीत, अदबीने बोलायचा. मामाला त्याने विचारलं, "सर, रॉड फाइव्ह वेट का है या फोर?" वेट म्हणजे रॉडला कितपत वजनाची दोरी चालते त्याचा क्रमांक, आणि लहान नदीवर ट्राउटसाठी हेच रॉड वापरतात. पाण्यात उभं राहायचे वेडर आणायचे की इथले घ्यायचे, सकाळी पाण्यावर तरंगणारी कोरडी फ्लाय चालेल की बुडणारी निंफ, असं तो मनापासून चर्चा केल्यासारखं बोलायचा. एकदा त्याने आवाजी संदेश पाठवला, त्यात मागे पाण्याची खळखळ होती. मामाने तो घरात सगळ्यांना ऐकवला. चाळीस वर्षं नोकरी करून साठीनंतर एक हौस पुरी करू पाहणाऱ्या माणसाशी कुणीतरी ठरवून असं वागलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

पॅकेज ९६ हजारांचं होतं, चौघांचं, पाच दिवसांचं. खोली धरून ठेवायला १२ हजार, मग निम्मी रक्कम पुरी करायला ३६ हजार. त्यानंतर आली परवान्याची मागणी: माणशी रोजचे १,२०० रुपये, चौघांचे पाच दिवसांचे २४ हजार. गळ टाकणार होतो आम्ही दोघंच. त्यावर उत्तर आलं की हे ग्रुप परमिट आहे, आज भरलं नाही तर नदीचा तो पट्टा दुसऱ्या पार्टीला जाईल. पैसे पाठवताना यूपीआयवर लॉजचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. ते म्हणे अकाउंटंटचं.

आता खरं काय ते सांगतो. हिमाचलमध्ये ट्राउट धरण्याचा परवाना राज्याचा मत्स्य विभाग देतो. तो गळ टाकणाऱ्या माणसाच्या नावावर असतो आणि आमच्याकडून जे उकळले त्याच्या मानाने त्याचं शुल्क अगदी किरकोळ असतं. खरा लॉजवाला तुम्हाला परवाना काढायला मदत करतो, पण नदीचा पट्टा काही त्याच्या मालकीचा नसतो.

तारखेचं तर सरळसरळ खोटं होतं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा घ्या, दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, दरही उतरतो, हे त्यानेच सुचवलं होतं. हिमाचलच्या ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीला बंदी असते. थंडीचे दिवस हा या माशाच्या विणीचा काळ. मादी वाळू-खड्यांत अंडी घालते, त्या काळात नदीत पाय घालून फिरणंसुद्धा नुकसानीचं. ज्याचं पोट या नदीवर चालतं असा एकही माणूस नोव्हेंबरमध्ये गळ टाकायला या म्हणणार नाही.

हे आम्हाला कळलं ते पवईवर. तिसरा हप्ता शनिवारी संध्याकाळी गेला आणि रविवारी सकाळी मामाने शेजारी बसलेल्या एका जुन्या गळकऱ्याला कौतुकाने बेत सांगितला. त्या गृहस्थांनी काश्मीर-हिमाचल बरंच पालथं घातलेलं आहे. ते एवढंच म्हणाले, "नोव्हेंबरात? तेव्हा बंद असतं ना तिकडे." मामाने मला तिथूनच फोन केला.

मी चंदीगडच्या माणसाला विचारलं. क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, आमचं पाणी खासगी आहे, सरकारी बंदी आम्हाला लागू नाही. मग मी त्यांची सगळी कागदं आणि फोटो काढून बसलो. एका फोटोत नदीत दोन्ही टोकं वर उचललेली लाकडी होडी आणि तीत उभा राहून फ्लाय फेकणारा माणूस होता. तसल्या होड्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रुंद नद्यांवर चालतात. तीर्थन ही धोंड्यांमधून उड्या घेत जाणारी लहान नदी, तिच्यात होडी घालायला जागाच नाही. दुसऱ्या फोटोत हातात धरलेल्या ट्राउटच्या जबड्याखाली लालभडक पट्टा होता. ती कटथ्रोट जात, तीही उत्तर अमेरिकेतली. तीर्थनमध्ये मिळतात ते ब्राउन आणि रेनबो. कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवशी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत फिशिंग लिहिलं होतं. १९९९ साली अधिसूचित झालेलं आणि २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेलं राष्ट्रीय उद्यान ते. तिथे आत गळ टाकला तर गुन्हा आपल्यावर दाखल होईल.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक तर अगदी उघड बोलत होता. या पंधरा अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, हिमाचलचे ०२. आमच्या पावतीवर ०८ होते, म्हणजे राजस्थान. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, एकटी व्यक्ती असेल तर पी. पावतीवर प्रायव्हेट लिमिटेड असं ठसठशीत छापलेलं आणि चौथं अक्षर पी. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर नाव निघालं एका कापड दुकानाचं. त्या दुकानदाराला आपला क्रमांक कुठे फिरतोय याची कल्पनाही नसेल.

सोमवारी तिथल्या मत्स्य विभागाच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसाने वर्णन ऐकून सांगितलं की या नावाचा लॉज गुशैनीच्या वर नाही, आणि मी पाठवलेले खोल्यांचे फोटो बघून एका होमस्टेचा नंबर दिला. खोल्या त्यांच्याच होत्या, दारावरच्या लाकडी कोरीवकामासकट. होडीचा फोटो कुठून तरी उचललेला, खोल्यांचे इथून चोरलेले. फोन मालकीणबाईंनी घेतला. आमच्यासारखे त्यांना नवीन नव्हते. रात्री उशिरा टॅक्सीतून उतरून, हातात छापील व्हाउचर घेऊन, लहान मुलांसकट लोक त्यांच्या दारात येतात. खोल्या भरलेल्या असतात. त्या म्हणाल्या, अशा वेळी कुणाला परत कसं पाठवणार, बैठकीत गाद्या घालतो, राजमा-भात करून वाढतो, आणि सकाळी तेच लोक आमच्यावरच चोर म्हणून ओरडून जातात. त्यांच्या नावावर वाईट अभिप्राय येतात ते वेगळंच. या धंद्यात फसवला जाणारा फक्त पर्यटकच नसतो, हे मला तेव्हा कळलं.

रविवारीच आम्ही बुकिंग रद्द करा म्हटलं होतं, तेव्हा तो माणूस लगेच तयार झाला. रिफंडसाठी एक क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मामाचं निवृत्तिवेतनाचं खातं त्या फोनला जोडलेलं होतं, म्हणून मी हे मुद्दाम लिहितोय. रिफंड हा त्यांच्या फसवणुकीचाच चौथा हप्ता असतो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन रविवारी दुपारीच केला. फोन करण्यापूर्वी हाताशी ठेवा: प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, आपली बँक. तेवढ्यावर तक्रार नोंदली जाते, पोचक्रमांक येतो, आणि पैसे ज्या खात्यांत पोचले त्यांतली रक्कम बँकेकडून गोठवण्याची धडपड सुरू होते. सगळा खेळ वेळेचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात काही तासांत पसार होतात. आमचे पहिले दोन हप्ते केव्हाच काढून घेतलेले निघाले. तिसऱ्यातले साडेअकरा हजार अडकले. ते परत मिळवायला पोलीस ठाण्याच्या चकरा चालू आहेत. ठाण्यात स्क्रीनशॉट छापून न्या, तारखेप्रमाणे लावून. समोरचा हवालदार तेवढ्याने आपलं ऐकायला तयार होतो, असा माझा अनुभव.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने बनावट पर्यटन बुकिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात केदारनाथची हेलिकॉप्टर तिकिटं, चारधामची अतिथिगृहं यांचा उल्लेख होता. फिशिंग लॉज इतक्या थोड्या लोकांचा विषय आहे की त्यासाठी वेगळा इशारा कुणी काढणार नाही. तो आपणच एकमेकांना द्यायला हवा.

मामा आता लॉज शोधायच्या आधी नदी शोधतो. त्या नदीवर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत परवानगी आहे, परवाना कोण देतं, हे तो मत्स्य विभागाला विचारतो आणि मग त्याच प्रश्नांची उत्तरं लॉजवाल्याकडून घेतो. हिमाचलमध्ये होमस्टेला पर्यटन विभागाची नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र मागवतो. त्या भागातल्या औट किंवा बंजार गावच्या एखाद्या टॅक्सीवाल्याला फोन करून या जागेपर्यंत किती घेणार असं विचारतो. दुर्गम जागेला रेंज नसेल, संकेतस्थळ नसेल, पण तिथवर सामान नेणारा कुणीतरी गाडीवाला असतोच, आणि त्याला ती जागा माहीत नसेल तर ती जागा नाही. मार्चमध्ये हंगाम उघडल्यावर आम्ही त्या मालकीणबाईंकडेच जाणार आहोत. त्यांनी आगाऊ रक्कम मागितली ती एका रात्रीच्या भाड्याएवढी, होमस्टेच्या नावाच्या खात्यावर.

आणि हे आजचं. तीच होडी, तोच लाल पट्ट्याचा मासा, त्याच कोरीव दारांच्या खोल्या नव्या नावाने पुन्हा जाहिरातीत आल्या आहेत. या वेळी गाव मंडी जिल्ह्यातलं बरोट दाखवलंय, नदी उहल, आणि सवलतीच्या तारखा डिसेंबरच्या. तिथेही डिसेंबरमध्ये ट्राउटला बंदीच असते. जाहिरातीची तक्रार आम्ही केली आहे, पण ती अजून उतरलेली नाही. कुणाच्या फोनवर दिसली तर पैसे भरू नका आणि १९३० ला कळवा.