घरी कूलंट बदलला, त्याला आठ महिने झाले: 2014 ची पेट्रोल स्विफ्ट

आधीच सांगतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बिघडवला होता मीच. दोन उन्हाळ्यांपूर्वी टाकीतली पातळी कमी दिसली म्हणून सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतलं. ज्या पाण्याने गीझरची कॉइल पांढरी होते, ते रेडिएटरला काय सोडणार? नोव्हेंबरात झाकण उघडलं तर आत चहाच्या रंगाचं पाणी आणि झाकणाच्या रबराला गंजाचा चिखल.

काढायला काही लागत नाही. गाडी रात्रभर थंड झालेली हवी, एवढीच अट. गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेतलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. रेडिएटरच्या खाली कोपऱ्यात प्लॅस्टिकची चावी आहे, ती हातानेच फिरवा. पक्कड लावली की तिचं डोकं तुटतं. खाली परात, वरचं झाकण उघडं. 3 लिटर निघालं. मग डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवून वरचा होज पाइप तापेपर्यंत इंजिन चालवायचं (म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावर उघडणारा वॉल, उघडला), थंड करून पुन्हा सोडायचं. पाणी स्वच्छ यायला मला चार फेऱ्या लागल्या. प्रत्येक वेळी थंड व्हायची वाट बघण्यात अख्खा शनिवार-रविवार गेला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ भरताना झाला.

मी आणला होता तयार, म्हणजे निम्मं पाणी आधीच मिसळलेला कूलंट. निघालं 3 लिटर, आत गेला अडीचच. उरलेला अर्धा लिटर कॅनमध्ये दिसत होता, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन आठवड्यांनी साताऱ्याला निघालो. ओबीडीच्या डोंगलवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) मोबाइलमध्ये इंजिनचं तापमान दिसतं. एरवी 90 च्या आसपास असतं, ते खंबाटकीच्या चढावर 104 झालं. पहाटेची थंडी, म्हणून हीटर लावला होता. इंजिन तापलेलं आणि हीटरमधून गार वारा! एअर धरल्याची, म्हणजे आत हवा अडकल्याची, याहून स्पष्ट खूण नाही. गाडी बाजूला घेतली, पाऊण तास थांबलो, बायकोचे टोमणे ऐकले आणि हळूहळू माघारी आलो.

घरी आल्यावर पुढची चाकं उतारावर चढवून नाक वर केलं. थंड इंजिनवर झाकण काढून, हीटर फुलवर ठेवून गाडी चालू केली आणि वरचा होज दाबत राहिलो. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. तो अर्धा लिटर बरोब्बर आत गेला.

तरी शंका होती म्हणून हजारभर रुपयांचा रिफ्रॅक्टोमीटर मागवला; कूलंट किती अंशांवर गोठेल ते तो दाखवतो. थेंब टाकून डोळ्याला लावला तर रेघ उणे 18 वर. निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 च्या आसपास दिसायला हवं. पुण्यात बर्फ कुठला, म्हणाल. पण त्या आकड्यावरून ग्लायकॉल (कूलंटमधला पाण्याव्यतिरिक्तचा मुख्य द्रव) किती आहे ते कळतं, आणि गंजरोधक रसायनं त्याच्याबरोबरच येतात. माझ्याकडे ग्लायकॉल होतं जेमतेम एक तृतीयांश. कारण सोपं आहे: खालची चावी सोडली की रेडिएटर रिकामा होतो, इंजिनचा ब्लॉक आणि हीटरचा कोअर नाही. तिथे धुतलेलं दीड लिटर पाणी बसलेलंच होतं. त्यात 3 लिटर तयार माल म्हणजे साडेचार लिटरात ग्लायकॉल फक्त दीड लिटर.

पुन्हा 3 लिटर सोडलं. या वेळी त्याच जातीचा कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट), पावणेदोन लिटर, आणि सव्वा लिटर डिस्टिल्ड वॉटर. दोन दिवस गाडी फिरवून मोजलं, उणे 36. फ्लश करणार, म्हणजे आतून पाण्याने धुणार असाल तर तयार कूलंट घेऊच नका. नुसता काढून भरणार असाल तर चालेल.

त्यानंतरचा अनुभव: मे महिन्यात चार माणसं आणि एसीसकट पसरणी घाट चढलो, तापमान 98 ला गेलं की पंखा लागायचा आणि खाली यायचं. टाकीतली पातळी पहिल्या महिन्यात बोटभर उतरली, तेवढी भरली. नंतर हललेली नाही. रंग अजून स्वच्छ आहे. झाकण मात्र नवीन घेतलं, जुन्याचं रबर कडक झालं होतं आणि दाब धरला नाही तर चांगला कूलंटही लवकर उकळतो. नाक्यावरचा मिस्त्री अजून सांगतो, "साहेब, वॉल काढून टाका, गाडी कधीच तापणार नाय." थर्मोस्टॅट काढला की इंजिन वेळेत तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं, हे त्याला पटत नाही. मी वाद घालत नाही.

खर्च रिफ्रॅक्टोमीटर धरून अडीच हजारांच्या आत. पण काढलेला कूलंट गटारात सोडू नका. चवीला गोड असतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आमच्या पार्किंगमध्ये सांडलेला मी दोनदा धुतला, तोवर वॉचमनच्या कुत्र्याला बांधून ठेवायला सांगितलं होतं. पाच लिटरचा कॅन भरून गॅरेजला दिला. त्यांनी घेतला, पण चेहऱ्यावर "हा येडाय का" स्पष्ट दिसत होतं.