कारच्या रिमोट चावीचा सेल: घरी बदलावा की बदलून घ्यावा?

पूर्वी लांबून उघडणारं दार आता गाडीला खेटून उभं राहिल्याशिवाय उघडत नाही, बटण दोन-तीनदा दाबावं लागतं: चावीचा सेल संपत आल्याची ही लक्षणं. तरी आधी दुसरी चावी वापरून पाहा. दोन्ही चाव्या रुसल्या असतील तर दोष बहुधा गाडीत आहे आणि सेल बदलून काही हाती लागणार नाही. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला, असंही नाही. मीटर भार नसताना मोजतो. थकलेल्या सेलचा व्होल्टेज बटण दाबल्यावर कोसळतो.

घरी करायचं झालं तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यातला अवघड भाग सेल नव्हे, कवच. स्मार्ट कीमध्ये (खिशात असली तरी बटणाने गाडी सुरू करता येते ती चावी) खिट्टी दाबून आतली धातूची चावी ओढून काढली की बहुधा तिथेच एक खाच दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते खाचेत घाला आणि फिरवा. उचकटू नका, आतले प्लॅस्टिकचे आकडे तुटतात आणि मग झाकण नीट बसत नाही. काही चाव्यांत लपलेला स्क्रू असतो, त्यामुळे कवच हटत नसेल तर जोर वाढवण्याआधी तो शोधा. जुना सेल काढण्यापूर्वी + ची बाजू वर आहे की खाली, याचा फोटो काढून ठेवा. सेल टूथपिकने उचला, धातूच्या टोकाने बोर्डावर टेकू देऊन नको.

फ्लिप चावीत, म्हणजे बटण दाबल्यावर पातं बाहेर येणाऱ्या चावीत, मात्र एक खरा धोका आहे. काहींमध्ये इमोबिलायझरची (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) छोटी काळी चिप बोर्डावर नसते, कवचातल्या खाचेत सुटी बसवलेली असते. ती नकळत गळून पडली तर रिमोटने दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही. म्हणून टेबलावर फडकं पसरून त्यावरच चावी उघडा.

सर्व्हिस सेंटरला किंवा चावीवाल्याकडे जाणं मला तीनच वेळी पटतं: सेल बोर्डाला डाग देऊन जोडलेला असेल, आत पाणी शिरून हिरवट गंज दिसत असेल, किंवा कवच चिकटवून बंद केलेलं असेल. ‘सेल बदलला की चावी पुन्हा प्रोग्राम करावी लागते’ हे बहुतेक चाव्यांना लागू नाही. ओळखीचा कोड कायम राहणाऱ्या मेमरीत असतो. काही जुन्या गाड्यांत रिमोट पुन्हा जुळवावा लागतो, पण त्याची कृती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आता सेल कोणता? नंबर जुन्या सेलवर कोरलेला असतो, तोच घ्या. पहिले दोन आकडे व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, पुढचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात.

| सेल | व्यास × जाडी (मिमी) | क्षमता, अंदाजे (एमएएच) |
|---|---|---|
| सीआर२०३२ | २० × ३.२ | २२० |
| सीआर२०२५ | २० × २.५ | १६० |
| सीआर२०१६ | २० × १.६ | ९० |
| सीआर१६३२ | १६ × ३.२ | १३० |

सगळे ३ व्होल्टचेच, म्हणून अदलाबदलीचा मोह होतो. २०२५ च्या जागी २०३२ दाबून बसवला तर स्प्रिंगची पट्टी कायमची वाकते. उलट केलं तर सेल सैल राहतो आणि चावी कधी चालते, कधी नाही. पुन्हा चार्ज होणारा एलआयआर२०३२ मापाने तंतोतंत बसतो, पण पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो आणि क्षमता जेमतेम ४० एमएएच. चावीसाठी तो नकोच.

लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. घरात मुलं असतील तर तोच घ्यावा, मात्र काही चाव्यांत लेपामुळे संपर्क नीट होत नाही. तसं झालं तर सेलवर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक दवाखाना गाठा. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

नवा सेल टाकूनही चावी गप्प असेल तर + ची बाजू तपासा, मग संपर्काच्या पट्ट्या पुसून टूथपिकने किंचित वर उचला. एकच बटण चालत नसेल तर त्याखालचा स्विच झिजला आहे. तिथे सेलचा इलाज नाही. आणि सेल वाटेतच संपला, तरी स्मार्ट कीमधल्या धातूच्या चावीने दार उघडतं. इमोबिलायझरच्या चिपला सेल लागत नाही, त्यामुळे चावी स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवली की इंजिनही चालू होतं.